घर घेताय आणि निवडणूक तोंडावर आहे? घोषणा, कायदा आणि कागद यांतला फरक असा ओळखा

डिसेंबर २०२०. आम्ही पुण्यात एका बिल्डरच्या सेल्स ऑफिसमध्ये बसलो होतो. समोरच्या मुलाने वर्तमानपत्राचं कात्रण टेबलावर सरकवलं आणि म्हणाला, "मॅडम, एकतीस तारखेच्या आत रजिस्ट्रेशन झालं नाही तर दीड लाख गेले समजा." फ्लॅट पन्नास लाखांचा होता. करारनामा आम्ही नीट वाचलेलाही नव्हता, पण दीड लाखाचा आकडा ऐकून माझ्या नवऱ्याने चेकबुक बाहेर काढलं.

त्या रात्री घरी येऊन मी मूळ अधिसूचना शोधून वाचली. सरकारने मुद्रांक शुल्कात १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात तीन टक्क्यांची सूट दिली होती, आणि १ जानेवारी ते ३१ मार्च २०२१ या काळात दोन टक्क्यांची. म्हणजे एकतीस तारीख चुकली असती तर तोटा एका टक्क्याचा, पन्नास हजारांचा होता. दीड लाखांचा नव्हे. शिवाय शुल्क भरून दस्तावर सह्या एकतीसच्या आत झाल्या, तर नोंदणी पुढच्या चार महिन्यांत करता येत होती. आम्ही आठ दिवस घेऊन करारनामा वकिलाला दाखवला, तीन कलमं बदलून घेतली, ३० तारखेला शुल्क भरून सह्या केल्या आणि नोंदणीला फेब्रुवारीत गेलो.

त्या आठ दिवसांनी मला जे शिकवलं तेच इथे लिहिते आहे. महाराष्ट्रात घर किंवा जमीन घेताना राज्याचे कायदे आणि निवडणुका तुमच्या व्यवहारात सगळीकडे डोकावतात: शुल्कात, परवानगीत, ताबा मिळण्याच्या तारखेत, घरपट्टीत. पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्याला सेल्सवाला, एजंट, पुढारी आणि व्हॉट्सॲप एकाच वेळी सल्ले देत असतात. त्यातलं खरं काय हे ओळखायची पद्धत आहे, आणि ती अवघड नाही.

१. आधी कोणाच्या हातात काय आहे ते समजून घ्या

जमीन हा राज्याचा विषय आहे. मुद्रांक शुल्काचे दर, रेडी रेकनर (सरकारने ठरवलेले मालमत्तेचे दर), विकास आराखडा, बांधकामाचे नियम, सातबारा, भाडेकरूंचा कायदा हे सगळं मुंबईतून ठरतं. मालमत्ता हस्तांतरण (शेतजमीन सोडून) आणि दस्त नोंदणी समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघेही त्यावर कायदा करू शकतात. घरपट्टी, पाणी, बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) यांच्यासाठी महापालिकेची, नगरपरिषदेची किंवा पीएमआरडीएसारख्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) प्राधिकरणाची पायरी चढावी लागते.

रेराबद्दल बराच गोंधळ असतो. रेरा हा बिल्डर आणि त्यांचे प्रकल्प यांच्यावर नियंत्रण ठेवणारा केंद्राचा कायदा आहे, २०१६ चा. त्याचे नियम राज्याने २०१७ मध्ये केले आणि तो राबवणारं राज्याचं प्राधिकरण, महारेरा, १ मे २०१७ पासून सुरू झालं. त्याआधी महाराष्ट्राने २०१२ मध्ये स्वतःचा गृहनिर्माण नियमन कायदा केला होता. रेरा आल्यावर तो रद्द झाला. पश्चिम बंगालने रेराऐवजी आपला वेगळा कायदा आणला, तो सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये घटनाबाह्य ठरवला. त्यामुळे "राज्यात सरकार बदललं की रेरा जाणार" असं कोणी म्हणालं तर ते सोडून द्या. महारेराची कार्यपद्धती मात्र राज्याच्या नियमांवर आणि महारेराच्या परिपत्रकांवर चालते, आणि ती बदलत असते.

केंद्राने एखादी गोष्ट काढून टाकली तरी राज्यात ती चालू राहू शकते, हेही लक्षात असू द्या. नागरी जमीन कमाल धारणा कायदा (शहरात एकाने किती जमीन ठेवावी याला मर्यादा घालणारा) केंद्राने १९९९ मध्ये रद्द केला, पण महाराष्ट्राने ते निरसन स्वीकारलं नोव्हेंबर २००७ मध्ये. मधली आठ वर्षं इथल्या जमिनी जुन्याच कायद्याखाली होत्या. जुन्या सोसायटीतलं घर किंवा पुनर्विकासातला फ्लॅट घेत असाल तर या कायद्याच्या कलम २० खालची (अटींवर सूट मिळालेली) जमीन आहे का, हे वकिलाला आवर्जून विचारा. तशी असेल तर शासनाची परवानगी आणि शुल्क हा प्रश्न अजूनही उभा राहतो.

२. घोषणा कुठल्या पायरीवर आहे ते तपासा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जाहीरनाम्यातलं आश्वासन, मंत्र्याचं भाषण, मंत्रिमंडळाचा निर्णय, विधेयक, अध्यादेश, अधिनियम, अधिसूचना, शासन निर्णय आणि परिपत्रक. बातमीत सगळ्याला "सरकारचा मोठा निर्णय" असंच म्हणतात. तुमच्या खिशावर परिणाम होतो तो यातल्या काहींचाच.

भाषण आणि जाहीरनामा यांना व्यवहारात शून्य किंमत द्या. मंत्रिमंडळाने मान्यता दिली म्हणजे इच्छा पक्की झाली, पण अंमल सुरू झाला असं नाही. विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन, राज्यपालांची सही होऊन, राजपत्रात छापून आलं की ते अधिनियम होतं. त्यातही "शासन अधिसूचनेद्वारे ठरवील त्या दिनांकापासून अंमलात येईल" असं एक वाक्य असू शकतं, ते शोधा. तसं असेल तर अजून थांबायचं आहे.

निवडणुकीच्या वर्षात अध्यादेश जास्त दिसतात, कारण अधिवेशनाला वेळ नसतो. अध्यादेश लगेच लागू होतो, पण अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो संपतो. आणि विधानसभेत प्रलंबित असलेलं विधेयक विधानसभा विसर्जित झाली की बाद होतं. नव्या सरकारला ते पहिल्यापासून आणावं लागतं. "विधेयक मांडलंय, नुसती औपचारिकता राहिलीय" असं एजंट म्हणाला की हे आठवा.

विकास नियंत्रण नियमातले बदल तर आधी प्रारूप म्हणून प्रसिद्ध होतात आणि त्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात. प्रारूप अधिसूचना अंतिम अधिसूचनेसारखीच दिसते: तोच लेटरहेड, तीच भाषा. पहिल्या परिच्छेदात "हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत" असं लिहिलेलं असेल तर ते प्रारूप.

तपासायचं कसं? शासन निर्णय राज्याच्या संकेतस्थळावर विभागानुसार मिळतो आणि त्याच्या शेवटी संगणक संकेतांक असतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफमधला तो आकडा संकेतस्थळावर टाकून बघा. मुद्रांक शुल्काच्या अधिसूचना नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मिळतात, बांधकाम नियमांचे आदेश नगरविकास विभागाचे असतात. मी प्रत्येक कागदावर तीनच गोष्टी अधोरेखित करते: कधीपासून, कधीपर्यंत, कोणाला लागू.

३. मुद्रांक शुल्क: तारखांचं गणित मांडा

शुल्क लागतं ते करारातली किंमत आणि रेडी रेकनरप्रमाणे येणारं बाजारमूल्य यांतल्या मोठ्या रकमेवर. रेडी रेकनर म्हणजे वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते, जे साधारणपणे १ एप्रिलला बदलतात. इथे निवडणुकीची सावली स्पष्ट दिसते. २०२३-२४ मध्ये दर वाढवले नाहीत. २०२४-२५ मध्ये, म्हणजे लोकसभा आणि विधानसभा दोन्हींच्या वर्षात, तेही जैसे थे राहिले. निवडणुका आटोपल्यावर १ एप्रिल २०२५ पासून दर वाढले. मार्च महिना जवळ आला की हे कॅलेंडर डोळ्यांसमोर ठेवा. निवडणूक तोंडावर असेल तर वाढीची शक्यता कमी, नुकतीच झाली असेल तर जास्त, असा माझा अंदाज असतो. अंदाजच तो, त्यावर घाईने सही करू नका.

शुल्काचा दर ठरतो तो दस्तावर सही होण्याच्या तारखेला, नोंदणीच्या तारखेला नव्हे. सहीनंतर नोंदणीला चार महिने मिळतात. ज्याला हे माहीत आहे तो ३१ मार्चला दुय्यम निबंधक कार्यालयातल्या गर्दीत उभा राहत नाही. सर्व्हर बंद, टोकन संपलेली, साक्षीदाराचा अंगठा मशीन घेत नाही, बाळाला कडेवर घेतलेली बाई तीन तास जिन्यात बसून. मी हे फेब्रुवारीतल्या साध्या मंगळवारी पाहिलंय. मार्चअखेर काय असेल याची कल्पना करा.

महिलांना घरखरेदीत एक टक्का सवलत १ एप्रिल २०२१ पासून आहे. ती खरेदीदार फक्त महिला असेल तरच मिळते; नवरा-बायकोच्या संयुक्त नावाने घर घेतलं की सवलत गेली. माझ्या धाकट्या बहिणीला बँकेच्या एजंटने सांगितलं की कर्जात नवरा आहे म्हणजे त्याचं नाव दस्तात हवंच. तिने बँकेत जाऊन थेट विचारलं. घराचे मालक कर्जात असावे लागतात, पण कर्जातला सहअर्जदार मालक असलाच पाहिजे असं नाही, हे तिथे स्पष्ट झालं आणि तिचे साठ हजार वाचले. या सवलतीला आधी एक अट होती: घेतलेलं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही. ती २०२३ मध्ये काढली. जुना सल्ला देणारे अजून त्या अटीची भीती घालतात.

मेट्रो असलेल्या शहरांत एक टक्का मेट्रो अधिभार आहे. तो दोन वर्षं स्थगित होता आणि १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा लागू झाला. "निवडणुकीनंतर अधिभार जाणार आहे, थांबा" हा सल्ला मला दोन वेगवेगळ्या निवडणुकांच्या वेळी मिळाला होता. दोन्ही वेळा तो गेला नाही.

बिल्डर "स्टॅम्प ड्युटी आमच्याकडून" म्हणतो तेव्हा त्यामागे सरकारी निर्णय आहे की त्याची स्वतःची जाहिरात, ते विचारा. जानेवारी २०२१ मध्ये राज्याने बांधकाम अधिमूल्यात (विकासकाने बांधकामासाठी भरायच्या प्रीमियममध्ये) पन्नास टक्के सवलत दिली, तेव्हा ती घेणाऱ्या विकासकाने ग्राहकाचं मुद्रांक शुल्क भरायचं अशी अटच होती. अशा वेळी ती मेहेरबानी नसते, तुमचा हक्क असतो. नुसती जाहिरात असेल तर फ्लॅटच्या दरात ती रक्कम आधीच मिसळली आहे का हे शेजारच्या प्रकल्पाशी ताडून पाहा.

जुनं घर घेत असाल तर आधीच्या सगळ्या दस्तांवर शुल्क पूर्ण भरलंय का ते पाहा. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने १९८० ते २०२० मधल्या कमी शुल्काच्या दस्तांसाठी अभय (माफी) योजना आणली होती. विकणाऱ्याने ती घेतली असेल तर त्याची पावती मागून घ्या.

४. विकास आराखडा आणि एफएसआय: नकाशावरच्या रस्त्याला पैसे देऊ नका

"डीपीत (विकास आराखड्यात) शंभर फुटी रस्ता आहे" हे वाक्य जमिनीचा भाव एका दिवसात वाढवतं. पीएमआरडीएचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये जाहीर झाला, लोकांनी हजारो हरकती दिल्या, आणि २०२५ मध्ये सरकारने तो रद्द केला. मधल्या काळात त्या प्रारूपातले रस्ते, रंग आणि आरक्षणं दाखवून ज्यांना जमिनी विकल्या गेल्या त्यांच्या हातात आज काय आहे? म्हणून मंजूर आराखडा की प्रारूप, हा पहिला प्रश्न. दुसरं, नियोजन प्राधिकरणाकडून झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी राखलेली आहे याचा) आणि भाग नकाशा स्वतःच्या नावाने अर्ज करून काढा. एजंटने दिलेली झेरॉक्स चालवून घेऊ नका.

एफएसआयचे, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येतं याचे, नियम मुंबईत २०१८ पासून डीसीपीआर २०३४ ने चालतात आणि राज्याच्या बहुतेक भागात डिसेंबर २०२० पासून एकत्रित नियमावलीने, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. यात वारंवार दुरुस्त्या होतात. याचा फ्लॅटधारकाला थेट चटका बसतो तो असा: तुम्ही बारा मजली इमारत म्हणून बुकिंग करता, नियम बदलतो, जास्तीचा एफएसआय मिळतो आणि इमारत अठरा मजल्यांची होते. लिफ्ट तेवढ्याच, पार्किंग तेवढंच, पाण्याची टाकी तेवढीच. रेराच्या कलम १४ प्रमाणे मंजूर आराखड्यात असा बदल करायला दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. ही संमती करारनाम्यातच एखाद्या ओळीत आधीच घेऊन टाकण्याचा प्रयत्न होतो. आमच्या करारात ती सोळाव्या पानावर होती. आम्ही बदलून घेतलेल्या तीन कलमांतलं हे पहिलं.

५. आचारसंहितेच्या नावाखाली काय थांबतं, काय नाही

२०२४ मध्ये महाराष्ट्रात लोकसभेची आचारसंहिता मार्चपासून जूनपर्यंत होती, विधानसभेची १५ ऑक्टोबरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. वर्षातले जवळपास चार महिने. या काळात ताबा रखडलेल्या प्रत्येकाने "आचारसंहिता आहे ना" हे उत्तर ऐकलंय.

खरं असं आहे. आचारसंहितेत नव्या योजना आणि सवलती जाहीर करता येत नाहीत, भूमिपूजनं होत नाहीत, नवी सरकारी कामं सुरू होत नाहीत. म्हणून तुमच्या प्रकल्पापर्यंत येणारा महापालिकेचा रस्ता किंवा जलवाहिनी निविदेत अडकू शकते. पण दस्त नोंदणी चालू असते. महारेराची नोंदणी आणि सुनावण्या चालू असतात. नियमात बसणाऱ्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देणं हे रोजचं प्रशासकीय काम आहे, त्यावर बंदी नाही. उशीर होतो तो तलाठी, अभियंता, कारकून निवडणुकीच्या कामाला लावल्यामुळे. तो उशीर आठवड्यांचा असतो, वर्षाचा नाही.

बिल्डरने हे कारण दिलं की एकच मागणी करा: भोगवटा प्रमाणपत्राच्या अर्जाचा आवक क्रमांक आणि तारीख. अर्ज खरंच दिलेला असेल तर क्रमांक दोन मिनिटांत मिळतो. माझ्या एका सहकाऱ्याला तीन आठवडे "साहेब इलेक्शन ड्युटीवर आहेत" असं सांगत राहिले. त्याने लेखी मागितल्यावर कळलं की अग्निशमन दलाचा अंतिम दाखलाच घेतलेला नव्हता, म्हणजे अर्ज करायलाच सुरुवात नव्हती.

रेराच्या कलम ६ मध्ये प्रकल्पाची मुदत वाढवण्याची कारणं लिहिलेली आहेत: युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप किंवा तशी नैसर्गिक आपत्ती. निवडणूक त्या यादीत नाही. प्रवर्तकाची (बिल्डरची) चूक नसेल तर प्राधिकरण जास्तीत जास्त एक वर्षाची वाढ देऊ शकतं, पण त्यासाठी त्याला कारणं मांडावी लागतात. तुमच्या करारातली ताब्याची तारीख आपोआप सरकत नाही.

एक इशारा पैशांबद्दल. आचारसंहितेत भरारी पथकं गाड्या तपासतात आणि पन्नास हजारांवरच्या रोख रकमेचा हिशोब मागतात. टोकनची रक्कम पिशवीत घालून निघू नका. मुळात स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख देणं-घेणं आयकर कायद्याने मना आहे. आरटीजीएस करा, पावती घ्या. व्यवहार पन्नास लाख किंवा वरचा असेल तर एक टक्का टीडीएस कापून भरणं ही खरेदीदाराची, म्हणजे तुमची जबाबदारी आहे.

६. "इलेक्शन झालं की रेग्युलर होणार" हे ऐकलं की उठून या

हे मी कळकळीने सांगते, कारण यात सगळ्यात गरीब माणसाचा पैसा जातो.

माझ्या ताईला एकाने शहरालगत दोन गुंठे दाखवले. रस्ता आखलेला, चुन्याच्या रेघा मारलेल्या, कोपऱ्यावर लोखंडी पाटी. सातबारा मागितला तर तो अख्ख्या गटाचा निघाला, वर अकरा नावं, आणि ताईचं नाव बारावं लागणार होतं. एजंट म्हणाला, निवडणुकीआधी गुंठेवारी, म्हणजे असे तुकड्यांतले प्लॉट, नियमित होतेय, कायदा आलाच आहे.

कायदा होता, पण त्या प्लॉटसाठी नव्हता. राज्यात १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. २०२३ च्या अधिसूचनेनुसार बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीसाठी वीस गुंठे आणि बागायतीसाठी दहा गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे; त्याहून छोटा शेतीचा तुकडा वेगळा करून विकायला तेव्हा मनाई होती (२०२५ मध्ये शहरी आणि आराखड्यातल्या बिनशेती भागांसाठी ती सैल झाली). हा कायदा मोडून झालेले जुने व्यवहार नियमित करायला २०१७ मध्ये बाजारमूल्याच्या पंचवीस टक्के रक्कम भरायची सोय झाली. २०२४ मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, ती पाच टक्क्यांवर आली. गुंठेवारी कायदा २००१ चा, २०२१ मध्ये त्याची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या व्यवहारांसाठी वाढवली. या सगळ्यात एक गोष्ट समान आहे: सवलत एका ठरलेल्या तारखेच्या आधीच्या व्यवहारांना मिळते. आज घेतलेला प्लॉट त्या तारखेच्या पलीकडचा असतो. पुढची तारीख कधी येईल, येईल की नाही, हे कोणीही लिहून देत नाही. आणि तुम्ही शेतकरी नसाल तर शेतजमीन तुमच्या नावावर होण्यालाच कुळकायद्याची आडकाठी आहे.

पिंपरी-चिंचवडमध्ये शास्तीकर (अनधिकृत बांधकामावरचा दंडात्मक कर) हा कितीतरी निवडणुकांचा मुद्दा होता. २०२३ मध्ये तो माफ झाला, लोकांनी फटाके वाजवले. पण कर माफ झाला म्हणजे बांधकाम अधिकृत झालं असं नाही. अशी घरं आज "टॅक्स क्लिअर" म्हणून विकायला येतात. घरपट्टीची पावती ही मालकीचा किंवा परवानगीचा पुरावा नाही, मग ती कितीही जुनी असो. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा. नसेल तर तिथेच थांबा.

७. करारनाम्यात "भविष्यातले सरकारी कर" कसे लिहिलेत ते वाचा

महारेराने करारनाम्याचा नमुना ठरवून दिलेला आहे. आपला करार त्या नमुन्याशेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून पाहा. एक रविवार जाईल, जाऊ द्या. नमुन्यानुसार किंमत वाढवता येते ती फक्त सक्षम प्राधिकरणाने विकास शुल्क किंवा तत्सम आकारणी वाढवली तर, आणि तेव्हाही मागणीपत्रासोबत त्या वाढीची अधिसूचना जोडावी लागते. आम्हाला ताब्याच्या आधी "वाढीव शासकीय आकारणी" म्हणून ८५ हजारांचं पत्र आलं. मी उत्तरात एकच ओळ लिहिली: कृपया संबंधित अधिसूचनेची प्रत जोडावी. सहा दिवसांनी सुधारित पत्र आलं, त्यात ती ओळ नव्हती.

करार नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला बंदी आहे. सरकारी सवलतीची मुदत संपतेय या नावाखाली हा नियम सर्रास मोडला जातो.

८. महापालिका निवडणूक आणि तुमची घरपट्टी

मुंबई, पुणे यांसारख्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक होते. नवीन घरात राहायला गेलेल्यांना पाणी-ड्रेनेजसाठी नगरसेवकच नव्हता. आता असेल तर सोसायटीची लेखी मागणी त्याच्याकडे द्या आणि पोच घ्या.

मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करात माफी हे २०१७ च्या महापालिका निवडणुकीतलं आश्वासन. पूर्ण सवलतीचा निर्णय झाला जानेवारी २०२२ मध्ये. आश्वासन ते अंमल, पाच वर्षं. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराची चाळीस टक्के सवलत काढली गेली होती, ती २०२३ मध्ये परत मिळाली. पण नवीन घर घेतलं असेल तर पीटी-३ अर्ज भरल्याशिवाय ती लागत नाही. अनेकजण भरतच नाहीत.

हद्दीही बदलतात. पुण्यात २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं आली, मग २०२४ मध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाची वेगळी काढून त्यांची नगरपरिषद केली. घर अशा भागात घेत असाल तर परवानगी कोणी दिली होती, आज कर कोण घेतं आणि पाणी कोण देणार, ही तीन उत्तरं वेगवेगळी असू शकतात.

९. फाईलमध्ये हे कागद हवेत

- महारेरा नोंदणी क्रमांक आणि संकेतस्थळावरून स्वतः उतरवून घेतलेली प्रकल्पाची माहिती, त्यावर तारीख टाकून. पुढे मुदत बदलली तर आधीची तारीख तुमच्याकडे हवी.
- सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, फेरफार, बिनशेती आदेश.
- वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल.
- बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, आणि तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र.
- झोन दाखला व भाग नकाशा.
- त्या वर्षीच्या रेडी रेकनरमधलं तुमच्या विभागाचं पान.
- ज्या सवलतीवर अवलंबून आहात तिची अधिसूचना, छापून.
- शुल्काचं ई-चलन, नोंदणीची पावती, सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू).
- बिल्डर आणि एजंटशी झालेला पत्रव्यवहार. तोंडी बोलणं झालं की त्याच संध्याकाळी "आज आपण असं म्हणालात" असा ईमेल टाका. एजंटचा महारेरा क्रमांकही टिपून ठेवा.

१०. बिघडलंच तर

आधी लेखी पत्र, मग महारेराचा सलोखा मंच. तिथे ग्राहक संघटनेचा आणि विकासकांच्या संघटनेचा प्रतिनिधी समोरासमोर बसवून तोडगा काढतात. दोन्ही बाजू तयार असतील तर बऱ्यापैकी लवकर काम होतं. नाही जमलं तर कलम ३१ खाली ऑनलाईन तक्रार, शुल्क पाच हजार. ताबा वेळेवर मिळाला नाही तर कलम १८ प्रमाणे पैसे परत मागायचे की घर ठेवून विलंबाचं व्याज मागायचं, हे तुम्ही ठरवायचं असतं. महाराष्ट्रात हा व्याजदर स्टेट बँकेच्या एमसीएलआरपेक्षा (कर्जाच्या आधारभूत व्याजदरापेक्षा) दोन टक्के जास्त आहे. निकाल पटला नाही तर साठ दिवसांत अपील. शुल्क भरलं पण व्यवहार झालाच नाही आणि मुद्रांक वापरला गेला नाही, तर परताव्याचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करा. ही मुदत निवडणुकीच्या धामधुमीत हातची जाते.

आणि प्रारूप नियमावर हरकती मागवल्या की दोन ओळींची का होईना, हरकत द्या. आमच्या भागातल्या एका आरक्षण बदलावर सोसायटीच्या चौतीस जणांनी वेगवेगळ्या अर्जांनी हरकत घेतली आणि सुनावणीला अकरा जण हजर राहिलो. पोचपावत्या मागा, सुनावणीची नोटीस त्याच पत्त्यावर येते.